लागणे आणि लावून घेणे : अपमानाच्या व्याकरणाविषयी

‘तुझे बोलणे मला लागले’ आणि ‘तू ते उगाच लावून घेतलेस’ ही दोन वाक्ये मराठी घरात बहुधा एकापाठोपाठ ऐकू येतात. पहिले वाक्य दुखावलेल्याचे, दुसरे दुखावणाऱ्याचे. घटना एकच आहे. परंतु तिचा कर्ता कोण, याविषयी दोघांत तंटा आहे, आणि हा तंटा मराठीने आपल्या क्रियापदांत जसाच्या तसा जपून ठेवला आहे. ‘लागणे’ या क्रियापदाचा कर्ता ‘बोलणे’ हा आहे. ऐकणारा चतुर्थीत, म्हणजे केवळ सोसणाऱ्याच्या जागी बसला आहे. ठेच लागते, भूक लागते, दृष्ट लागते, तसेच बोलणेही लागते. ‘लावून घेणे’ या प्रयोगात मात्र मूळ धातू प्रयोजक होतो, त्याला ‘घेणे’ या सहायक क्रियापदाची जोड मिळते आणि ऐकणारा उचलून कर्त्याच्या जागी आणला जातो. ओढवून घेणे, करून घेणे, अंगावर घेणे यांच्या पंक्तीत तो जाऊन बसतो. जे झाले ते त्याने स्वतःच केले, असा या प्रयोगाचा ठपका आहे.

मराठीत रागाचा आणि दुखावले जाण्याचा शब्दसंग्रह मोठा आहे, आणि त्याची वाटणी बोलणाऱ्याच्या बाजूप्रमाणे झालेली दिसते. राग ‘येतो’, वाईट ‘वाटते’, अपमान ‘होतो’. या सर्व प्रयोगांत दुखावलेला मनुष्य क्रियेचा धनी होत नाही. याउलट ‘रुसणे’, ‘फुगणे’, ‘फुरंगटणे’ ही कर्तरी क्रियापदे प्रायः दुसऱ्याविषयी वापरली जातात. ‘मला वाईट वाटले’ असे जो स्वतःविषयी म्हणतो, त्याच्याविषयी शेजारी ‘तो रुसला’ असे म्हणतात. ‘मी रुसलो आहे’ हे वाक्य मुलांच्या, प्रेमिकांच्या किंवा थट्टेच्या भाषेतच शोभते. दुखावलेल्याच्या तोंडी दुःख आहे, पाहणाऱ्याच्या तोंडी तो स्वभाव आहे. (जाता जाता हेही नोंदवावे की ‘राग’ हा शब्द संस्कृतात रंगाचा आणि अनुरक्तीचा वाचक होता, मराठीत तो कोपाचा वाचक झाला. ज्याच्याशी काहीच संबंध नाही त्याचा राग सहसा येत नाही, एवढी साक्ष या अर्थांतरातून काढली तर ती अगदीच ओढून ताणून आणलेली ठरू नये.)

एखाद्याच्या बोलण्याने वा कृतीने माणसे का दुखावतात, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे या दोन क्रियापदांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. एक पक्ष ‘लागणे’ धरून चालतो. दोष शब्दात आहे, वाईट शब्द काढून टाकला म्हणजे अपमानाचे मूळ नाहीसे झाले, अशी त्याची धारणा असते. परिनिरीक्षण मंडळांनी नाटकांच्या संहितांवर मारलेल्या रेघा याच समजुतीतून आल्या. दुसरा पक्ष ‘लावून घेणे’ धरून चालतो. शब्द हे नुसते ध्वनी आहेत, दुखावून घेणे न घेणे हे ऐकणाऱ्याच्या हाती आहे, असे तो सांगतो. लेखकांना आणि विवेकवाद्यांना हा पक्ष विशेष प्रिय असतो. दोन्ही पक्षांच्या हाती अर्धे अर्धे सत्य आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोघांचीही मूळ मांडणीच सदोष आहे.

पहिल्या पक्षाविरुद्धचा पुरावा ‘तू’ या सर्वनामातच आहे. मराठी माणूस देवाला ‘तू’ म्हणतो, आईला ‘तू’ म्हणतो, मुलाला आणि जिवलग मित्रालाही ‘तू’च म्हणतो, आणि भांडण विकोपाला गेले म्हणजे ते ‘एकेरीवर आले’ असेही म्हणतो. कलहाची पायरी व्याकरणातील वचनाने मोजण्याची ही रीत मोठी मार्मिक आहे. उलट, वर्षानुवर्षे ‘अरे’ म्हणणारा मित्र एके दिवशी ‘आपण यावे, आपल्याला सवड असेल तर’ असे म्हणाला, तर त्या आदरार्थी ‘आपण’ने जी जखम होते ती शिवीनेही होत नाही. रॉजर ब्राऊन आणि आल्बर्ट गिल्मन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून सत्ता आणि आपलेपणा हे त्यांच्या वापराचे दोन अक्ष दाखविले. मराठीला तो आराखडा लागू पडतो, पण पुरत नाही; कारण येथे वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणणाऱ्या घरात आईविषयीचा आदर कमी असतो असे कोणी म्हणणार नाही. शब्द तोच राहून अर्थ पालटतो, तेव्हा दोष शब्दात नाही हे उघड आहे. न्यायालयालाही हे मान्य करावे लागले आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली जो निर्णय दिला, त्याचा गाभा असा की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी घातलेल्या भाषेला अश्लीलतेची कसोटी अधिक कडकपणे लावावी लागते. हा निर्णय वाङ्मयाच्या दृष्टीने हितकारक झाला असे म्हणता येत नाही. पण शब्दाकडून मुखाकडे वळल्याशिवाय कायद्यालाही अपमानाचा अर्थ लावता येत नाही, एवढे त्यातून दिसते.

दुसऱ्या पक्षाचे खंडन टोमणा करतो. टोमणा मारणारा नेम धरतो. कोणत्या शब्दाने कोणाला कोठे लागेल, हे त्याला आधी ठाऊक असते. म्हणून तर तो शंभर शब्दांतून एक निवडतो. दुखावणे ही जर केवळ ऐकणाऱ्याच्या मनाची लहर असती, तर नेम धरताच आला नसता. लक्ष्य दोघांच्या सामाईक ज्ञानात असते. तेव्हा नेम धरून मारणाऱ्याने पुढे ‘तू लावून घेतलेस’ असे म्हणणे हा टोमण्याचाच उत्तरार्ध असतो.

हे सामाईक ज्ञान कशाचे असते? मराठी वाक्प्रचार त्याचे नाव देतात : ‘पायरी’. ‘पायरी ओळखून वागणे’, ‘पायरी सोडून बोलणे’, ‘आपली पायरी दाखवणे’. कोणी कोणाशी कोणत्या पायरीवरून बोलावे याचा एक अलिखित तक्ता प्रत्येक समाजात असतो, आणि प्रत्येक उक्तीबरोबर, मग तिचा विषय हवापाणी का असेना, त्या तक्त्यातील स्थानांची मोजणी चालू असते. अपमान म्हणजे चुकीची मोजणी, किंवा ऐकणाऱ्याला चुकीची वाटलेली मोजणी. एर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली ‘चेहरा’ सांभाळण्याच्या व्यवहाराचे जे विवेचन केले, त्याचा रोख येथपर्यंत येतो. परंतु गॉफमन यांच्या विवेचनात जो तो आपापला चेहरा घेऊन बैठकीत येतो. ज्यांना चेहरा घेऊन येण्याचीच मुभा नाही, त्यांचा प्रश्न तेथे क्वचितच उद्भवतो.

प्राचीन भारतीय वैयाकरणांना मात्र तो चांगलाच माहीत होता. पाणिनीच्या आठव्या अध्यायात (८.२.८३) प्रत्यभिवादनाविषयीचे एक सूत्र आहे. नमस्कार करणाऱ्याला आशीर्वाद देताना त्याच्या नावाचा अंत्य स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, उच्चारावा. मात्र नमस्कार करणारा शूद्र असल्यास तसे करू नये. वार्तिकाने या अपवादात स्त्रियांची आणि असूया करणाऱ्याची भर घातली. म्हणजे आशीर्वाद सर्वांना एकच, शब्द तेच. फरक केवळ शेवटच्या स्वराच्या लांबीचा. एका मात्रेने माणसाची पायरी सांगितली जात होती आणि ती सांगितली जावी अशी व्याकरणाची आज्ञा होती. निंदेसाठी षष्ठीचा लोप होऊ न देणारे सूत्रही (६.३.२१) त्याच ग्रंथात आहे. पण ते उघड शिवीगाळीचे व्याकरण झाले. आखूड स्वराचे व्याकरण अधिक भेदक आहे, कारण ज्याला तो आखूड स्वर ऐकावा लागे, त्याला तक्रार करायला जागाच नव्हती. त्याला आशीर्वाद मिळालेला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. अपमान होणे आणि अपमान वाटून घेता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीला अधिकार लागतो. याचे घरगुती उदाहरण म्हणजे लग्नातील मानपान. वरपक्षाने रुसावे हा जवळजवळ विधीचाच भाग असतो. विहिणीची मर्जी, जावयाचा रुसवा, त्यासाठी राखून ठेवलेले आहेर या सर्वांची तरतूद आधीच झालेली असते. पाटाला रांगोळी नव्हती, हाक उशिरा आली, साडी हलकी निघाली, यांपैकी कोणतेही कारण पुरते. वधूपक्षालाही त्याच मांडवात शेकडो गोष्टी लागत असतात. परंतु वधूच्या बापाने रुसून बसल्याचे कोणी ऐकले आहे काय? त्याला लागते, तो लावून घेऊ शकत नाही. ‘लावून घेणे’ या क्रियापदात जो ठपका दिसला, तोच आता एक हक्क म्हणून दिसू लागतो.

अपमानाच्या व्यवहारात तिसऱ्या माणसाचे स्थान काय, हेही पाहिले पाहिजे. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण इतकी सर्वपरिचित आहे की तिच्यातील शास्त्र सहसा नजरेतून सुटते. संबोधन लेकीला आहे, वाच्यार्थ लेकीपुरता आहे, आणि तो निरुपद्रवीही असू शकतो. बाण सुनेला लागतो. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या तिसऱ्या उल्लासात व्यंजनेला कारण होणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत बोलणारा, ऐकणारा, स्वराचा हेल, प्रसंग, देश, काल यांच्याबरोबर ‘अन्यसन्निधी’, म्हणजे तिसऱ्या कोणाचे तरी जवळ असणे, हेही एक आहे. म्हणीतील सासूला मम्मट ठाऊक असण्याचे कारण नाही. तिने अन्यसन्निधी प्रयोगाने सिद्ध केला. शिवाय या रचनेत सुनेची दुहेरी कोंडी होते. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले तर बोलणे पचले; ‘हे मला उद्देशून होते ना?’ असे विचारले, तर ‘मी तर माझ्या लेकीशी बोलत होते, तुला का झोंबले?’ हे उत्तर तयार असते. म्हणजे अपमान वाटून घेताच तिने आपणच ते वर्णन स्वतःला लागू केले असे होते. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधासाठी १९८९ साली झालेल्या कायद्यात अपमान ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झालेला असावा अशी अट आहे, आणि चार भिंतींच्या आत कोणी साक्षी नसताना झालेले बोलणे त्या अटीत बसत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. अन्यसन्निधीचे महत्त्व कायद्याने ओळखले, हे योग्यच. पण ज्या अपमानाला साक्षी नाही तो अपमानित माणसाला कमी लागतो, असे मात्र त्यावरून समजू नये.

आता ही सारी घडण एका नाटकाच्या इतिहासात पाहू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले. खाडिलकर हे टिळकांचे आणि ‘केसरी’चे सहकारी, पण नाटकात चालू राजकारणाचा एक शब्दही नव्हता. कथा विराटपर्वातली, पात्रे महाभारतातली. तरीही प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होते, सैरंध्रीच्या जागी पारतंत्र्यातील देश, युधिष्ठिराच्या जागी नेमस्त आणि भीमाच्या जागी जहाल. १९१० च्या आरंभी लंडनच्या ‘टाइम्स’ने हा अर्थ उलगडून सांगितला. कर्झनचे नाव रंगमंचावर वा छापील प्रतीत कोठेही नसले तरी नाट्यगृहातील प्रत्येकाला ते ठाऊक असते, असे त्याचे म्हणणे होते. व्हॅलेंटाईन चिरोल यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन अनरेस्ट’मध्ये हे विवेचन उद्धृत केले, आणि त्याच वर्षी सरकारने नाटकावर बंदी घातली.

वाङ्मयेतिहासात ‘कीचकवधा’ची चर्चा रूपकाच्या सोयीने केली जाते, कोणत्या पात्राशी कोणती व्यक्ती जुळते याची यादी दिली की टीकाकाराचे काम संपते. पण रूपकाची यादी देणे म्हणजे सुनेच्या बाजूने उत्तर देणे होय. नाटकाचे खरे सामर्थ्य त्याने सरकारपुढे जी कोंडी उभी केली त्यात आहे, आणि ती कोंडी नेमकी ‘लेकी बोले’ या म्हणीतली आहे; फरक इतकाच की येथे लेक प्रेक्षक आहेत आणि सुनेच्या जागी साम्राज्यसत्ता आहे. महाभारतातील एका दुष्ट सेनापतीचा वध पाहून सरकारला का झोंबावे? झोंबले असे म्हणायचे, तर आपण कीचक आहोत हे कबूल करावे लागते. सरकार तीन वर्षे गप्प होते. बंदी येताच नाटकाचा अर्थ पुरा झाला. प्रेक्षकांनी जो अंदाजाने लावला होता, त्यावर सरकारी शिक्कामोर्तब झाले. खाडिलकरांनी पुढच्याच वर्षी, १९११ साली, ‘मानापमान’ लिहावे हा योगायोग असेलही; पण अपमानाच्या प्रश्नाने या नाटककाराला दीर्घकाळ सोडले नाही, एवढे त्यावरून खास म्हणता येते.

तथापि या कथेची निवड आणखी एका कारणाने अर्थपूर्ण आहे, आणि तिकडे टीकाकारांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. विराटपर्वातील प्रसंग हा मुळातच अपमान वाटून न घेता येण्याचा प्रसंग आहे. भर राजसभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो. तेथे युधिष्ठिर आहे, भीमही आहे. भीमाच्या डोळ्यांत रक्त उतरते. युधिष्ठिर त्याला खुणेने आवरतो. का? कारण हे दोघे तेथे कंक आणि बल्लव म्हणून बसले आहेत. एका दासीला लाथ बसली म्हणून द्यूत खेळणाऱ्या सभासदाने वा आचाऱ्याने खवळून उठण्याचे काही कारण नाही. ते खवळले तर ते कोण आहेत हे उघड होईल आणि पुन्हा बारा वर्षांचा वनवास पत्करावा लागेल. अज्ञातवासातील माणसाला अपमान वाटून घेण्याची मुभा नसते. अपमान वाटून घेणे म्हणजे आपण कोण आहोत हे जाहीर करणे. सभेत लाथ खाणाऱ्या द्रौपदीपेक्षाही ती पाहून गप्प बसावे लागणारे तिचे पती हे १९०७ च्या प्रेक्षकाला अधिक जवळचे वाटले असतील, तर त्यात नवल नाही. राजद्रोहाचा खटला समोर दिसत असणारी प्रजा अज्ञातवासातच असते.

‘घाशीराम कोतवाल’चे प्रकरण याच्याशी ताडून पाहता येते, पण त्याचा विस्तार येथे नको. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात सुरू झाले आणि नाना फडणविसांची व पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी होते या आक्षेपावरून एकोणीस प्रयोगांनंतर थांबले; १९७४ मध्ये थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा उभे केले. येथे लागण्याचा विषय असलेला पुरुष १८०० सालीच निवर्तलेला आहे. अपमान दुसऱ्यांनी वारसाहक्काने घेतला. अशा प्रसंगी वृत्तपत्रांची ठरलेली शब्दयोजना ‘भावना दुखावल्या’ ही आहे. तिच्यात दुखावणारा नाही, आणि पुष्कळदा भावना कोणाच्या हेही नाही. ‘मला लागले’ असे एकवचनात म्हणण्यासाठी जे धैर्य लागते, ते या कर्तृहीन अनेकवचनाला लागत नाही. नाटकाविरुद्ध बोलणाऱ्यांना पुण्यात व्यासपीठ, सभा आणि वृत्तपत्रे उपलब्ध होती. त्यांचे दुःख खोटे होते असे नव्हे. परंतु ते अज्ञातवासात नव्हते.

अज्ञातवास कशाला म्हणतात हे पाहायचे तर बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेकडे वळावे लागते. नोकरीसाठी परमुलुखात गेलेला नायक आपली जात सांगत नाही. त्याच्या कवित्वामुळे सहकारी त्याला मान देतात, घरी जेवायला बोलावतात. त्याच ठिकाणी काशीनाथ नावाचा, आपली जात न लपवणारा आणि अपमान न गिळणारा त्याचा जातभाई कामावर येतो. कथेची सारी कोंडी या दोघांच्या समोरासमोर असण्यात आहे. काशीनाथला जे लागते, तेच नायकालाही लागत असते. परंतु काशीनाथ ते उघडपणे लावून घेतो, आणि नायकाला कंकासारखे बसून राहावे लागते. एक शब्द तोंडून गेला तर तो कोण आहे हे कळेल. पुढे ते कळतेच. काल ज्यांनी मान दिला तेच त्याला मारतात, आणि त्यांच्या दृष्टीने अपमान झालेला असतो तो त्यांचा. या मधल्या काळात नायकाने एकही शब्द वावगा उच्चारलेला नाही, कोणाची आगळीक केलेली नाही. त्याने तक्त्यातील चुकीच्या चौकोनात उभे राहून मान स्वीकारला, एवढाच त्याचा अपराध. शब्दावाचून, हावभावावाचून, केवळ स्थानामुळे अपमान घडू शकतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठी कथेत सापडणे कठीण. बागुलांच्या या कथेकडे विद्रोहाच्या आवेशाचा नमुना म्हणून पाहणारी टीका तिच्यातील ही थंड, जवळजवळ शास्त्रीय रचना पाहू शकलेली नाही.

या संदर्भात अभिवादनाच्या दोन शब्दांचा इतिहास नोंदवण्यासारखा आहे. महार समाजाकडून वरच्या म्हणविणाऱ्या जातींना ‘जोहार’ केला जाई. त्याचे उत्तर जोहारानेच यावे अशी अपेक्षा नसे. तो खालून वर जाणारा शब्द होता, पाणिनीच्या आखूड स्वरासारखाच, फक्त उलट दिशेचा. आंबेडकरी चळवळीत तो टाकला गेला आणि त्याच्या जागी ‘जय भीम’ आला. या दुसऱ्या अभिवादनाचे उत्तर ‘जय भीम’ हेच आहे. दोन्ही बाजूंना शब्द तोच, स्वर तेवढेच, मात्राही तेवढ्याच. जोहार टाकल्याबद्दल गावोगाव ज्यांना राग आला, त्यांना कोणी शिवी दिली नव्हती. त्यांना रोज मिळणारा एक शब्द मिळेनासा झाला होता, आणि तेवढेच त्यांना लागले.